नागुबाईचा बाराचा डबा

औसा तालुक्यातील त्या गावात ख्रिस्ती घरे अवघी सतरा. पण त्या सतरा घरांचा एक अभिमान होता, आणि तो शांतवन रणदिवे यांच्या मुखाने वारंवार प्रकट होत असे. शांतवन निवृत्त शिक्षक व मंडळीचे, म्हणजे गावच्या चर्चचे, वडीलधारे पुढारी. पाळक, म्हणजे पाद्री, लातूरहून महिन्यातून एकदाच येत. उरलेल्या रविवारची उपासना तेच चालवीत. त्यांचे मत असे, की शासनाने रस्ता राखावा, चोर पकडावा, न्याय द्यावा आणि तेथेच थांबावे. भुकेल्याला जेवू घालणे हे शेजाऱ्याचे कर्तव्य. ते शासनाच्या हाती सोपवले, की भुकेला अर्जदार होतो आणि शेजारी नुसता बघ्या. या मतावर कोणी आक्षेप घेतला, तर ते गल्लीच्या टोकाला असलेल्या नागुबाईच्या घराकडे बोट दाखवीत.

नागुबाई आंधळी, निपुत्रिक, ऐंशीच्या पुढची. तिच्यासाठी मंडळीने एक रीत घातली होती. पितळी डबा एकच. तो ज्या घरी असेल त्या घराची पाळी. त्या घराने दुपारी बाराला तो भरून न्यावा, तिच्या ताटात रिकामा करावा आणि पुढच्या घराच्या उंबऱ्यावर ठेवून द्यावा. वही नाही, समिती नाही, देखरेख नाही. सहा वर्षे डबा असा फिरत होता.

मे महिन्यात एके दिवशी, साडेअकराच्या सुमारास, तलाठी मन्मथ स्वामी कागद घेऊन आले.

"गुरुजी, निराधारांच्या यादीतलं नागुबाईचं नाव तुम्ही दोन वर्षं अडवून राहिलात. आता वरून विचारणा आलीय. सांभाळणारं कोणी असेल तर तसं लिहून सही करा, नाव कापतो. नसेल तर पेन्शन चालू करतो."

"कापा. सतरा घरं आहेत तिला."

"पाहणी करावी लागते. नाहीतर लोक म्हणतील, तलाठी झाडाखाली बसून लिहितो."

"ते आताही म्हणतातच."

मन्मथ मोठ्याने हसले. "बरं, आज डबा कोणाकडं हाय?"

ते शांतवनांना ठाऊक नव्हते. दोघे घरोघर विचारीत निघाले. सातव्या घराने डबा केव्हाच पुढे दिला होता. आठव्या घराला कुलूप होते. ते प्रसन्न आणि मंजुश्री यांचे. नोकरीसाठी ती दोघे विष्णुपुरीला राहायला गेली, त्याला तेवीस दिवस झाले होते. उंबऱ्यावर डबा होता. त्याच्या कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याने जाळे विणले होते.

नवव्या घरच्या सुवार्ताबाई दारात येऊन पदराशी चाळा करू लागल्या. "आमच्याकडं आला न्हाई तवा मला वाटलं, कोणीतरी वाढीव पाळी घेतली असंल."

"तेवीस दिवस, गुरुजी," मन्मथ हळू म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले.

तेथून नागुबाईचे घर साठ पावलांवर. गल्ली सरळ, तिला दुसरी वाट नाही. ऊन असे, की कुत्रीदेखील आडोशाला गेलेली. दाराशी पोचल्यावर शांतवनांनी श्वास रोखला, कारण आतून कोणता वास येईल याची त्यांना कल्पना होती. वास आला तो ताज्या भाकरीचा.

नागुबाई भिंतीला टेकून बसली होती. गालांवर पूर्वी नव्हते एवढे मांस. समोरच्या ताटातील वरणातून वाफ निघत होती.

"कोन हाय?"

"मी शांतवन."

"जरा आधी आला असतास तर गाठ पडली असती. आत्ताच गेला त्यो."

"कोण?"

"त्योच की. महिना होत आला, रोज त्योच येऊन राहिला. तुमच्या बायांपरीस बरा, मीठ तरी बेतानं टाकतो."

"नाव काय त्याचं?"

"बोलतच न्हाई बाबा. ताट हातात देतो. हात लई गार, रांजणात बुडवून आल्यावानी. मी प्रभूची प्रार्थना म्हणते, तवर हुबा राहतो. पर आमेन म्हणत न्हाई."

खोलीला दार एकच होते, खिडकी नव्हती. कुलूपबंद घराहून निघाल्यापासून दोघांची नजर त्या दारावरून हटली नव्हती, आणि कोणी बाहेर पडताना दिसले नव्हते.

मन्मथ बाहेर येऊन कडुलिंबाखाली उभे राहिले. त्यांनी रुमालाने घाम पुसला. "काय लिहू, सांगा. बाई खाती तर हाय. सांभाळणारा कोण?"

'ख्रिस्ती मंडळी' असे दोन शब्द लिहिले असते, तर ते कोणालाही खोडता आले नसते. शांतवनांनी प्रश्नाची दोन्ही अंगे तपासली. हे देवाकडून असेल, तर ते आपल्या चुकीवरचे उत्तर आहे. त्याचे श्रेय आपले नव्हे. देवाकडून नसेल, तर त्याखाली आपली सही असणे अधिकच भयंकर. दोन्हीकडून ते दोन शब्द खोटे ठरत होते. त्यांनी कागद मागून घेतला आणि लिहिले: 'मंडळीने तेवीस दिवस सांभाळलेले नाही. पेन्शन चालू करावी. माझे मत बदललेले नाही. परंतु साक्ष खरी दिली पाहिजे.'

मन्मथांनी ते वाचले. "मताचा रकाना न्हाई यात, गुरुजी."

"मग समासात राहू द्या."

दुसऱ्या दिवशी बाराला शांतवन स्वतः भाकरी थापून, पितळी ताट वाढून निघाले. शासनाने जागा घेतली म्हणून शेजारी मोकळा होत नाही, हे त्यांना स्वतःलाच सिद्ध करून द्यायचे होते. आणि तो येण्याआधी त्या दारी पोचायचे होते. वाटेत कोणी भेटले नाही. उंबऱ्यात ते एकटेच उभे राहिले.

नागुबाईने मान वर केली. "आज दोघं कसे?"

शांतवनांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांनी ताट पुढे केले. म्हातारीचे दोन्ही हात अजून मांडीवरच होते; तरी ताटाची दुसरी कड कोणीतरी अलगद धरली आणि आपल्याकडे ओढली. थंडी पितळेतून चालत त्यांच्या बोटांपर्यंत आली.

शांतवनांनी ताट सोडले नाही.