तिप्पट आणि वर एक बोट

मी परकार बोलतोय. दोन पाय आणि मधे एक खिळा, एवढाच माझा देह. सिन्नरच्या एका लोहारानं बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून मला घडवलं, म्हणून अंगानं जरा जाडच आहे. मला पेन्सिल लागत नाही. माझ्या टोकानं पत्र्यावर ओरखडा उठतो, तीच माझी रेघ.

नाशकात, भद्रकालीतल्या महेबूब मिस्त्रींच्या दुकानात माझी हयात गेली. तेलाची मापं, नरसाळी, रॉकेलच्या चिमण्या अशी पत्र्याची लहानसहान कामं ते करत. गोल तोंडाला किती पत्रा लागेल, याचं त्यांचं एकच गणित होतं: तोंडाच्या रुंदीची तिप्पट आणि वर एक बोट. वडिलांनी सांगितलं, यांनी पाळलं. चाळीस वर्षं कधी अडलं नाही.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, तो त्यांनी गिऱ्हाइकांपासून लपवला. दिसत नाही म्हटलं तर काम कोण देणार? लेक सलिमा पडद्याआड पत्रा कापायची आणि मिस्त्री पुढे बसून ठोकायचे. माणसांचं मला नवल वाटतं. मला गंज चढला तर तो मी कुठे लपवणार?

चौतीस सालच्या उन्हाळ्यात विंचूरचा गेणू आला. त्यानं तांब्याचा चौकोनी पत्रा आणि एक लाकडी कडं पुढे ठेवलं.

"मिस्त्री, देवळाच्या शिखराला टोकदार टोपी करायची हाय. या कड्यावर चपखल बसली पायजे. तोंड बारा इंच, टोकापासून काठापर्यंत नऊ. चौदा घरच्या बायांनी भांडी दिली, ती आटवून हा पत्रा केलाय. आईनं लग्नातला तांब्या दिला. नासला तर दुसरा मिळायचा नाय."

मिस्त्री म्हणाले, "बेफिकीर राहा."

गेणू गेल्यावर सलिमाचा हात काही कात्रीकडे जाईना. एक चुकीचा काप आणि चौदा घरची भांडी वाया. ती म्हणाली, "अब्बा, आधी कागदाची करून बघते."

नऊ इंच फाकवून तिनं मला फिरवलं आणि वर्तुळ काढलं. काठावर दोरीनं छत्तीस इंच आणि वर एक बोट मोजलं, तेवढा भाग कापून गुंडाळला. टोपी कड्यावर बसेना. तोंड लहान पडलं. माझा तर खिळाच ढिला झाला.

"कागद आखडला असेल," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या कागदावर सलिमानं तसंच वर्तुळ काढलं आणि फाक तशीच ठेवून मला काठावर चालवलं. सहा पावलांत मी निघाल्या जागी परत आलो. तेवढी माझी जन्मजात अक्कल. ती बोटांवर मोजत राहिली.

"अब्बा, हे वर्तुळ अठरा इंच रुंद, त्याच्या काठाला सहा पावलं, म्हणजे तीन इंच रुंदीला एक पाऊल. आपलं तोंड बारा इंच. मग चारच पावलं घ्यायची."

"माझ्या बापाचं माप खोटं?"

तिनं चार पावलांचा तुकडा कापला, जोडासाठी थोडा कागद जास्त ठेवला, टोपी वळून कड्यावर ठेवली आणि वडिलांचा हात तिच्यावर नेला. मिस्त्रींनी काठावरून बोट फिरवलं. कुठे फट नव्हती.

"बाबा सहा इंची तोंडाची मापं करायचे," ते म्हणाले. "त्याला एक बोट पुरायचं. बाराला दोन लागतात. मी कधी एवढं मोठं केलंच नाही. काप, बेटी."

सलिमानं तांबं कापलं. तो करकर आवाज थांबेपर्यंत माझे दोन्ही पाय ताठ झाले होते.

आठवड्यानं गेणू आला. टोपी कड्यावर बसवून त्यानं कडं उलटं करून हलवलं. टोपी जागची हलली नाही.

"मिस्त्री, काय हात हाय तुमचा!"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "माझा नाही. मला आता दिसत नाही, गेणू. माप सलिमानं घेतलं, कापलंही तिनंच."

पडद्याआड सलिमाची कात्री थांबली. गेणूनं टोपी फडक्यात गुंडाळली.

"मग देवळातल्या दिव्यांचं कामबी तिलाच सांगतो," तो म्हणाला.

आता मी सलिमाच्या हातात असतो. म्हातारा झालोय, खिळ्यात तेवढं तेल घालत जा, एवढंच तिच्याकडे मागणं. त्या दुपारी मात्र गेणू गेल्यावर मिस्त्री दुकानातच आडवे झाले आणि गिऱ्हाईक येईल याची काळजी न करता घोरू लागले.