उलट्या मनोऱ्याचं दर्शन

"उलटा झाला! मनोरा उलटा झाला!" आरोळी उठली आणि जुन्या इमारतीच्या अंधाऱ्या दालनात शंभर माणसं गुडघ्यांवर आली. अंगणातला तो शेकडो वर्षांचा मनोरा आतल्या भिंतीवर खरोखरच डोकं खाली करून उभा होता, विटांच्या रंगासकट.

उलटेबाबा डोळे मिटून गरजले, "सरळ दिसतो तो भ्रम! रोज हे दर्शन घ्या, डोळ्यांचे विकार पळतील. पण औषधाचा थेंब टाकलात तर दृष्टी बाटेल!"

मागे उभ्या गवंड्याला किळस आली. त्याच्या ताईला काचबिंदू होता आणि या भामट्याच्या शब्दावर तिने दोन महिने औषध सोडलं होतं.

"ताई, घरी चल. थेंब टाकू."

"गप रे! एवढी माणसं खुळी आणि तू एकटा शहाणा?"

त्याला स्वतःचाही राग आला. इमारतीची डागडुजी त्याच्याकडेच होती. जुन्या भिंतीतलं भोक कशासाठी ठेवलंय हे कळल्याशिवाय बुजवायचं नाही, हा त्याच्या कामाचा नियम. म्हणून मनोऱ्यासमोरच्या भिंतीतलं बोटभर भोक न बुजवता त्याने त्याच्या तोंडावरचं पारव्याचं घरटं काढून ते मोकळं केलं होतं. आत चित्र उमटलं, त्याला मौज वाटली, पण कारण कुणाला सांगितलं नाही. बाबाला आयतं दुकान मिळालं.

तो डागडुजीसाठी बांधलेल्या बांबूच्या परांचीवर तरातरा चढला आणि भोकावर तळवा ठेवला. मनोरा गायब!

"पाप्या! दर्शन कोपलं!" बाबा किंचाळले.

तळवा काढला, मनोरा हजर. "माझ्या हाताला घाबरतं होय तुमचं दर्शन?" गवंडी ओरडला. "अहो, उजेड सरळ रेषेत चालतो. शेंड्याकडचा या भोकातून खाली जातो, पायथ्याकडचा वर. म्हणून चित्र उलटं!"

तेवढ्यात बाबांचा चेला बाहेर सटकला, आणि भिंतीवर पार कडेला एक इवलासा चेला डोकं खाली, पाय वर करून झोळीसकट पळू लागला. दालनभर हशा पिकला.

ताई मात्र हसली नाही. "कोण पळतंय? मला नुसता मधला मनोरा दिसतोय. कडेला काहीच नाही रे."

हशा जागीच विरला. काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही, हे गवंड्याला डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तो खाली उतरला, खिशातली बाटली काढली आणि तिथेच तिच्या डोळ्यांत थेंब टाकले. या वेळी तिने मान वळवली नाही.

मग तो लोकांकडे वळला. "थक्क व्हायचं तर हा मनोरा रचणाऱ्या हातांवर व्हा. पण असं का होतं, हे विचारल्याशिवाय कुणापुढे वाकू नका. माझ्या ताईने विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही."