सुरिबाउईचं पत्रक

पर्वत माणसाला खोटं बोलू देत नाही, असं सुरिबाउईच्या पायथ्याशी शिळेवर कोरलेलं आहे. लोक त्या शिळेला टेकून बुटांच्या नाड्या आवळतात आणि 'गुडघे एकदम ठणठणीत' असं एकमेकांना सांगत चढायला लागतात.

मा दॉक-सू हा बंदरावरच्या गिर्यारोहण मंडळाचा चिटणीस. वय बासष्ट, मासळी सोसायटीतून निवृत्त. सुरिबाउईचं पत्रक अकरा वर्षं तोच लिहीत होता, आणि पत्रक खरोखर चांगलं होतं. विहाराकडची वाट सावलीची, पण पायऱ्या उंच. ओढ्याकडची लांब, पण गुडघ्यांना मानवणारी. उत्तरेच्या कातळाकडे फिरकू नये. ग्रॅनाइट कोरडा असला की बूट धरून ठेवतो, धुक्यानं ओलावला की साबण होतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा टोपीचा बंद हनुवटीखाली बांधावा. लोखंडी जिन्यावर हातमोजे घालावेत. भीती वाटल्यास पुढच्या माणसाच्या टाचांकडे बघावं.

एवढंच की लेखक स्वतः त्या जिन्यावर कधी चढला नव्हता. त्याला उंचीची भीती होती.

जिना जिथे सुरू होतो तिथे एका मावशीची टपरी आहे. दर रविवारी दॉक-सू "तुम्ही व्हा पुढे, मी मागच्यांना घेऊन येतो" म्हणायचा आणि मक्कॉलीचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, वाडगा घेऊन बाकावर बसायचा. मागे कोणी नसायचंच. वरून येणाऱ्यांना तो विचारायचा, "अजून किती?" आता, आपल्याकडे उतरणारा माणूस चढणाऱ्याला खरी वेळ सांगत नसतो. ते माणुसकीला धरून नाही. "आलंच की! पंधरा मिनिटं!" असं ओरडून तो पुढे जातो. दॉक-सूनं या सगळ्यांची सरासरी काढली आणि छापलं: टपरीपासून शिखर, सतरा मिनिटं. कधी कोणाची तक्रार आली नाही. ज्याला दीड तास लागला त्याला वाटलं, आपलंच वय झालं. खाली येऊन त्यानं वीस मिनिटं सांगितली.

त्यातच त्याच्या मुलीचं, ह्ये-रिनचं, जमत आलं. मुलाचे वडील फ्यो जे-ग्वान आतल्या मुलखातले. पस्तीस वर्षं रेल्वेची वेळापत्रकं आखलेली. दोन्ही घरांची भेट रविवारी एक वाजता पायथ्याच्या खानावळीत ठरली होती. त्याआधी त्यांचा फोन आला.

"व्याहीबुवा, मुलानं तुमचं पत्रक पाठवलं. तीनदा वाचलं. मिनिटं लिहिणारा माणूस आपल्याला आवडतो. जेवणाआधी दोघं वर जाऊन येऊ. माणूस डोंगरावर कळतो. कळला, की मग लग्नाचं बोलू."

दॉक-सूनं फोन ठेवला. पोरीचं लग्न आता जिन्याच्या आठशे पायऱ्यांवर लटकत होतं.

"नाही म्हणा," त्याची बायको ओक-बुन म्हणाली.

"का म्हणू? मी काय भितो?"

"पायपुसणं झटकायला गॅलरीत जात नाही तुम्ही."

"तू काकड्या भर पिशवीत."

रविवारी दहाला दोघं टपरीपाशी पोचले.

"अगं बाई, चिटणीससाहेब! आज बसायचं नाही?" मावशीनं विचारलं.

"नेहमी बसतात?" जे-ग्वान म्हणाले.

"बसतात म्हणजे! बाकाला खळगा पडलाय त्यांचा."

"दम घ्यावा लागतो," दॉक-सू म्हणाला आणि जे-ग्वानना पुढे घालून जिना चढू लागला. नजर त्यांच्या टाचांवर. डावी टाच आतून झिजलेली होती.

"सतरा झाली," जरा वेळानं टाचा थांबल्या. "शिखर कुठाय?"

"मला तुमच्या बुटांपलीकडे काही दिसत नाही."

वरून एक जांभळ्या जाकिटातली बाई आली. "आलंच की आजोबा! पाच मिनिटं!"

दहा मिनिटांनी दुसरी आली. "हे काय, पाच मिनिटं!"

जे-ग्वाननी दोनदा घड्याळ बघितलं. "मघाशी पाच, आताही पाच. डोंगर वाढतोय का?"

तेवढ्यात वाऱ्यानं जिना थरथरला. दॉक-सू कठड्याला मिठी मारून खाली बसला आणि सगळं ओकला. टपरी, मक्कॉली, सरासरी.

"अकरा वर्षं?" जे-ग्वान म्हणाले.

"अकरा."

"आणि मी तीनदा वाचलं. लाल पेन्सिलीनं खुणा करून." त्यांनी घड्याळावर बाही ओढली. "आता? वर की खाली?"

खाली जायचं म्हणजे खाली बघायला लागणार. "वर," दॉक-सू डोळे मिटून म्हणाला.

शिखर आलं एक तास बेचाळीस मिनिटांनी. शिखरावरच्या दगडापाशी फोटोसाठी रांग होती. रीतीप्रमाणे दोघं रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा धुकं आलं, आणि फोटोत दोन टोप्या आल्या.

"व्याहीबुवा, तुम्ही थापाडे आहात," काकडी कडाकडा चावत जे-ग्वान म्हणाले. "पण तोंडानं कबूल झालात. आमच्या खात्यात गाडी दोन तास उशिरा आली तरी साहेब म्हणायचे, वेळेवर आहे. आपला होकार आहे."

दॉक-सूच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानंही असेल. उतरताना तो शिडीवरून उतरावं तसा पाठमोरा उतरला, आणि जे-ग्वान आठशे पायऱ्या त्याचा पट्टा धरून होते.

खानावळीत पोचायला तीन वाजले. बायका आणि मुलं माशाचं कालवण संपवून बसली होती. जे-ग्वाननी टोपी काढली, घसा खाकरला आणि उभ्यानंच जाहीर केलं की ह्ये-रिनला सून म्हणून त्यांची संमती आहे.

ओक-बुननं मुलीकडे बघितलं, मुलीनं मुलाकडे.

"सांग ना," ह्ये-रिन म्हणाली.

"तू सांग. तुझे बाबा पण आहेत."

लग्नाची नोंद त्या दोघांनी फेब्रुवारीतच कचेरीत जाऊन केली होती. त्याशिवाय फ्लॅटच्या सोडतीत नाव लागत नव्हतं.