कोंडाजीची हाक

देव मीच. म्हणजे रविवारच्या दुपारपुरता, करावेतल्या आमच्या घराच्या माडीवर, चटईवर मांडलेल्या खेळापुरता.

खेळ कागद-पेन्सिलीचा आणि तोंडाच्या वाफेचा. प्रत्येकाचा एक माणूस असतो, कागदावर लिहून ठेवलेला, कुणाचा योद्धा, कुणाचा चोर. तो काय करतो ते खेळणारा सांगतो, पुढे काय होतं ते मी सांगतो, आणि नक्की नसेल तिथे फासे टाकायचे. राजे, राक्षस, पूर, देव, सगळे माझ्याच तोंडून बोलतात. एवढी बडबड ऑफिसात केली असतीस तर साहेब झाला असतास, असं आमची आई खालून ऐकवत असते.

देवांच्या बाबतीत मी पहिल्यापासून कडक. जिवावर बेतलं असेल तरच देवाला हाक मारायची, आणि तीही जन्मात एकदाच. शंभरात दहाच्या आत आकडा पडला तर देव येणार, नाही तर नाही. आमचा रणजीत कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला आहे, त्याला वाटतं देव म्हणजे क्रेन. एकदा कुलूप उघडेना म्हणून त्याने देवाला बोलावलं. मी त्याच्या योद्ध्याच्या अंगाला खाज लावून दिली. महिनाभर फुगून बसला होता.

शिवतेजने मात्र त्याची हाक कधी मारलीच नाही. त्याचा माणूस कोंडाजी, जळनाथ नावाच्या देवाचा भगत. गोल गरगरीत, भित्रा, आणि कुठल्याही लढाईआधी 'आधी जेवू, मग मरू' म्हणणारा. कोंडाजी किती वेळा मरता मरता वाचला, पण शिवतेज हाक मारायला तयार नसायचा. राखून ठेवलीय, म्हणायचा.

उन्हाळ्यात शिवतेज काविळीने गेला. सत्तावीस हे काय जायचं वय आहे का? मला अजून त्याचा राग येतो, कुणावर काढायचा ते कळत नाही.

दोन महिन्यांनी त्याची धाकटी बहीण प्रियदर्शिनी माडीवर आली आणि कोंडाजीचा कागद मागू लागली. त्यांचं घर तुर्भ्याला, वडील मार्केटमध्ये माथाडी, मूळचे पाटणकडचे. घरात शिवतेजचं नाव निघालं की आई उठून मोरीत जाते आणि नळ सोडून उभी राहते, म्हणून नाव काढायचंच बंद झालंय, असं तिने सांगितलं. मी कागद दिला. तेव्हापासून ती दर रविवारी यायची आणि कोंडाजी व्हायची. 'आधी जेवू, मग मरू' अगदी त्याच्याच आवाजात म्हणायची. आम्ही हसायचो, आणि हसून झाल्यावर कुणी कुणाकडे बघायचं नाही. तिला एवढी एकच जागा उरली होती जिथे भाऊ अजून बोलत होता. आणि आमच्या खेळात मेलेला माणूस परत येत नाही. त्याचा कागद फाडतात.

त्या रविवारी कोंडाजी गुहेत अडकला. मागे लोखंडी गजांचं दार पडलं, आत समुद्राचं पाणी भरू लागलं. रणजीत आणि आमच्यातलीच चौथी, स्नेहल, बाहेर, दाराच्या अलीकडे. रणजीतच्या योद्ध्याने दार उचलायचा प्रयत्न केला, फासा वाईट पडला. स्नेहलच्या चोराने कुलपात तार घातली, तार तुटली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा वाईट. फासे त्या दिवशी हाडवैऱ्यासारखे वागत होते. पाणी कोंडाजीच्या छातीला लागलं, आणि प्रियदर्शिनीचा चेहरा असा झाला की मला खेळ तिथेच गुंडाळावासा वाटला.

"कोंडाजी हाक मारतो," ती म्हणाली.

मी माझे फासे पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो, ते कुणाला दिसत नाहीत. मी ठरवून टाकलं, काहीही पडू दे, चार पडले म्हणून सांगायचं. गेले खड्ड्यात नियम. मी फासे उचलले.

"पुठ्ठा काढ, कुंदनदादा."

मी चिडलोच. खेळ चालवणाऱ्या मास्टरचे फासे कुणी बघायचे नसतात, तुझ्या भावाने कधी असला हट्ट केला नव्हता, असं बरंच बोलून गेलो. ती ऐकून घेत होती. मग खाली चटईकडे बघत तिने सांगितलं.

"त्याला कावीळ झाली तेव्हा आमी गावी नेलं, झाडपाल्याच्या औषधाला. चार दिवसांत पार उतरला. दवाखान्यात न्यायचं का, म्हणून आईने देवाला कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना फुलाची पाकळी चिकटवतात, माहितीये ना? उजवी पडली तर इथंच बरा होतो, डावी पडली तर न्या. आई इतकी रडत होती की गुरवाला बघवेना. त्यानं डावी पाकळी अंगठ्यानं दाबून बसवली. मी बघितलं. उजवी पडली, सगळ्यांना बरं वाटलं. मला पण वाटलं, म्हणून मी गप्प बसले."

माझ्या मुठीत फासे ओले झाले होते.  मी पुठ्ठा काढून बाजूला ठेवला.

मी खऱ्या देवाकडे कधी काही मागत नाही, त्या दिवशी मागितलं. दहाच्या आत पाड, हवं तर माझं काहीही घे, असं मनात अक्षरशः ओरडलो. आणि फासे टाकले.

एकसष्ट.

 त्या आकड्यावर काही इलाज आहे का म्हणून मी डोकं खाजवत होतो. सगळे नियम माझेच होते आणि मला त्यात एक फट सापडत नव्हती.

"त्यानं ऐकलं का?" प्रियदर्शिनीने विचारलं.

"कोनी?"

"जळनाथानं. ऐकून बसून राहिला, का ऐकूच गेलं नाही?"

याला फासा नव्हता. ऐकूच गेलं नाही म्हणावं तर शिवतेजने इतकी वर्षं जपलेली हाक वाया गेली. ऐकून बसून राहिला म्हणावं तर असल्या देवाच्या तोंडावर मीच थुंकलो असतो. पण देव तर मीच होतो ना? मग माझं जे खरं होतं तेच सांगितलं.

"ऐकलं. निघाला पन होता. पोचला नाय."



"आमी पण शेवटी निघालो होतो," ती म्हणाली. "कराडला नेत होतो. माझ्या मांडीवरच गेला, गाडीत." आणि मग तिला रडू फुटलं. शिवतेज गेल्यापासून आम्ही तिला रडताना बघितलं नव्हतं. आवाज इतका मोठा होता की खालून माझी आई जिना चढून वर आली, दारातच थांबली, आणि काही न विचारता तिथेच पायरीवर बसली.

 रणजीत मान खाली घालून मी काढलेल्या गुहेच्या नकाशावर बोट फिरवत होता. 

"त्या गजांतून हात जातो का आत?"

"जातो," मी म्हणालो.

"मग मी पाण्यात उतरतो. दार उघडत नाही तर नको उघडू दे. हात आत घालतो."

पाणी त्याच्याही डोक्यावरून जाईल, बाहेर पडायला वेळ मिळेलच असं नाही, हे सांगणं माझं काम होतं, ते मी सांगितलं. माहितीये, म्हणाला. स्नेहल म्हणाली, मी पण उतरते.

प्रियदर्शिनीने ओढणीने नाक पुसलं. कागद दोन्ही हातांनी धरून ती सरळ बसली.

"कोंडाजी हात धरतो," ती म्हणाली.

मी कुणालाच फासा टाकायला सांगितलं नाही. थोडा वेळ थांबलो, जमेल तेवढा थांबलो. मग मी पाणी वर चढवलं.