राया, मासा आणि एक अक्षर

मी प्लॉवदिव्ह शहरातल्या एका प्रयोगशाळेतला जुना संगणक आहे. माझा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, तरी इथल्या संशोधक झ्लाटिनाबाईंनी मला कधी अडगळीत टाकलं नाही. प्रथिनातला प्रत्येक घटक एकेका अक्षरानं लिहितात; निरनिराळ्या जिवांच्या प्रथिनांची ही अक्षरं एकाखाली एक मांडून ती जुळवायची, हे माझं काम.

मित्रांनो, एकदा ग्रोझदान नावाचा बेकरीवाला आपल्या लेकीला, रायाला, कडेवर घेऊन आला. तिला कमी ऐकू येऊ लागलं होतं, हात वर जात नव्हते. तिच्या एका जनुकात आईकडून आणि बापाकडूनही तोच एक बदल आला होता. त्यामुळे एका प्रथिनातलं एक अक्षर वेगळं झालं होतं. तो बदल साधा की घातक, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"एवढा फरक कुणातही सापडतो. सगळ्यांची नाकं कुठं सारखी असतात?" बाईंचे सहकारी क्रासिमिर म्हणाले.

"मग मासा, बेडूक, कोंबडी यांना विचारू," बाई म्हणाल्या.

"कोंबडी रश्श्यात बरी. साक्षीला कशाला?"

"जवळचे नातलग सारखे असणारच. पण लांबच्या नातलगांतही एखादं अक्षर कोट्यवधी वर्षं टिकलं, तर त्याच्यावाचून अडतं म्हणूनच ना?"

मी तापलो, घरघरलो, ओळी जुळवल्या. मासा, बेडूक, कोंबडी, उंदीर, गाय, सगळ्यांत त्या जागी एकच अक्षर! फक्त रायाचं निराळं. क्रासिमिर थट्टा विसरून खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. उंदरात हे प्रथिन एक जीवनसत्त्व पेशींत पोचवतं, हे ठाऊक होतं. रायाचं तेच अडलं असावं.

"मग औषध काय, बाई?" ग्रोझदाननं विचारलं.

"तेच जीवनसत्त्व, भरपूर. हमी नाही देत. पण तिच्या डॉक्टरांशी आजच बोलते."

"एवढं मोठं यंत्र, आणि सांगितलं काय, तर जीवनसत्त्व!" म्हणता म्हणता त्यानं पिठाळ बाहीनं डोळे पुसले.

हिवाळा सरला. राया चालत आली. कान पुरते सुधारले नव्हते, बापाला मोठ्यानं बोलावं लागत होतं. पण तिनं दोन्ही हात वर नेऊन सुटलेली वेणी बांधायला घेतली. ग्रोझदान मदतीला सरसावला.

"हात नको लावूस, बाबा! मला येतंय!"

त्यानं आणलेल्या बानित्सा नावाच्या गरम, खुसखुशीत पेस्ट्रीतलं चीज माझ्या कळफलकावर सांडलं, पण त्या दिवशी कुणी रागावलं नाही.

आता माझ्या जागी नवं यंत्र येणार आहे. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, तुम्ही तळ्यातला बेडूक आणि नदीतला मासा तेवढा जपा. एखादा जीव कायमचा गेला, तर पुढच्या रायासाठी आपण विचारायचं कुणाला?