बिनटाक्याची जखम

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. शिंपीणबाईंना तर जावईही नव्हता. मशीनवर बसून बसून जडलेली मूळव्याध त्यांनी वर्षानुवर्षं लपवली. नवरा बोटीवर नोकरीला, घरात त्या आणि नणंद अशा दोघीच. शेवटी रक्त जायला लागलं तेव्हा नणंदेनं त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं आणि ऑपरेशन झालं.

शुद्धीवर आल्याआल्या त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "टाके किती घातले?"

"एकही नाही. जखम उघडीच ठेवलीय."

बाईंना वाटलं, चेष्टा चाललीय. उसवलेला कपडा तसाच गिऱ्हाइकाच्या हातात देणारा शिंपी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"अहो, त्या जागी? तिथून रोज घाण जाणार!"

"म्हणूनच तर. काहींना टाके घालतो, पण तुमची उघडीच बरी. तळापासून भरत येईल. आपण फक्त तिच्या आड यायचं नाही."

घरी आल्यावर बाईंनी धसकाच घेतला. पोट साफ व्हायला नको म्हणून जेवणच टाळायला लागल्या. नणंद धुलाईच्या कारखान्यात कामाला. तिची माया रागावण्यातूनच बाहेर पडायची.

"उपाशी राहून काय आतडी वाळत घालणार आहेस, वहिनी? फळं खा, भाजी खा, पाणी पी. जितकं कडक होईल, तितकं जास्त दुखेल!"

वेदना थांबवायच्या गोळ्या आणि शौच मऊ करणारं औषध ती वेळच्या वेळी हातावर ठेवायची. तरी संडासात पहिल्या खेपेला बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यांनी नळ घट्ट धरला.

"कुंथू नकोस! श्वास सोड!" नणंद दाराबाहेरून ओरडली.

"वन्सं, रक्त!"

"किती?"

"थोडं. चार थेंब."

"एवढं चालतं म्हणाल्यात डॉक्टर. थांबलं नाही तर लगेच नेते तुला. ये, टबात बस."

कोमट पाण्यात बसल्यावर कळ हळूहळू सैल झाली. बाई रडल्या.

पुढं दुखणं जरा हटलं, तसं बाईंच्या मनानं घेतलं. "मला बघायचीय ती जखम. आरसा धरा."

"इश्श, वहिनी! तिथं काय बघायचंय?"

पण तिनं धरला. लालबुंद, ओली, उघडी जखम. बाईंनी डोळेच मिटले.

काही दिवसांनी पुन्हा आरसा धरला, आणि त्या बघतच राहिल्या. खड्डा उथळ झाला होता. तळाशी बारीक तांबडे दाणे उगवले होते आणि कडा आपणहून आत सरकत होत्या. त्या कुशीवर पडून होत्या, कण्हत होत्या, नशिबाला बोल लावत होत्या. तेवढ्यात आत कुणीतरी न थकता कामाला लागलं होतं. रोज घाण जाई, रोज दुखे, तरी काम अडलं नव्हतं. मापं कुणी घेतली? कुठं थांबायचं, हे त्याला कुणी सांगितलं?

"वन्सं," त्या कुजबुजल्या, "हे मी करत नाहीये हो."

नणंदेनंही वाकून बघितलं. मग स्वतःचे पंजे वळवून वळवून पाहिले. "साबणानं भेगा पडतात माझ्या हाताला. सुट्टी लागली की बुजतात. मला वाटायचं, मलमानंच."

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान भरली. आता मशीनवरून मधूनमधून उठायचं आणि पाणी प्यायचं."

दवाखान्यातून दोघी चालत निघाल्या. रस्त्यावर गर्दी होती. हनुवटीवर पांढरी रेघ असलेला भाजीवाला, किंचित लंगडत पण भरभर जाणारा पोस्टमन, कोपराची खपली खाजवणारी शाळकरी पोर. प्रत्येकजण कुठं ना कुठं फाटला होता आणि भरून आला होता, आणि त्याचं काहीच न वाटून आपापल्या कामाला चालला होता. शिंपीणबाई भर रस्त्यात थांबल्या.

"काय झालं? दुखतंय का?" नणंदेनं घाबरून विचारलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "बघतेय फक्त."