उतारावरच्या झेंड्या

सकाळी उताराच्या तोंडाशी येताच ताईचे पाय थिजले. कालच्या पिवळ्या झेंड्या सगळ्या जिथल्या तिथे होत्या, वाऱ्यावर मजेत फडफडत होत्या, आणि प्रत्येक झेंडीच्या बुडाशी एक खड्डा होता.

आधी तिला वाटलं, रानडुकरं. माणसाचं मन मोठं चलाख, वाईट बातमी दारात आली की तिला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायला बघतं. पण डुकरं काही झेंड्या बघून उकरत नाहीत. मातीत फावड्याच्या कडा सरळ उमटल्या होत्या.

मागून येणारा उंट तिच्या पाठीवर आदळता आदळता थांबला. रांगेत चालताना त्याच्या एका ढांगेत इतरांच्या दोन बसत, म्हणून तो उंट. एरवी याच्या तोंडाचा पट्टा झोपेतसुद्धा बंद नसायचा. आज तो एवढंच म्हणाला, "ताई, आपलं तान्हं."

ती धावत सुटली.

ही जमीन राखीव. सगळ्यांची, म्हणून कुणीच हात लावायचा नाही अशी. ताई पुरातत्त्वाच्या पाहणी तुकडीची प्रमुख होती, आणि तिच्या तुकडीला इथे परवानगी होती ती फक्त बघायची. खणायचं नाही, उचलायचं नाही. ओळीने, मान खाली घालून चालायचं आणि एखादं खापर, मणी, दगडी पातं दिसलं की शेजारी झेंडी खोचायची. मागून मशीनवाली येणार, जागेची नोंद करणार, फोटो काढणार आणि झेंडी उपटून पुढे सरकणार. वस्तू मात्र तिथेच राहायची. ती कुठे पडली आहे आणि कशाच्या शेजारी पडली आहे, यातच तिची सगळी गोष्ट. उचलली की ती मुकी झाली. तुकडीत नवा माणूस आला की ताई त्याला पहिल्याच दिवशी बजावायची, "संध्याकाळी रानात एक झेंडी दिसता कामा नये. झेंडी म्हणजे चोराला धाडलेलं आमंत्रण."

काल ती स्वतःच हे विसरली. खरं तर विसरली नाही, तिने ते बाजूला सारलं. उतार असा काही उघडला होता की झेंड्या पुरेनात. खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, चुलीचे भाजलेले दगड, सगळं गावच्या गाव पायाखाली. आणि मधोमध मातीतून वर आलेली एका मडक्याची गोल कड, आत बोटाच्या पेराएवढं हाड. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं तान्हं मूल दूर टाकवेना म्हणून मडक्यात निजवून घराशेजारी पुरलं होतं. उंटानेसुद्धा टोपी काढली. तिथे ताईने त्या उतारावरची एकमेव लाल झेंडी खोचली. हे मडकं पुढच्या हंगामात खणायची परवानगी काढून, हाडांची जाणकार माणसं आणून, वर तंबू ठोकून, हलक्या हाताने उघडायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. यासाठीच तर तिने इतकी वर्षं उन्हं अंगावर घेतली होती.

तेवढ्यात मशीनवालीच्या यंत्राने मान टाकली. चार्जिंग संपलं. नोंद न करता झेंड्या उपटायच्या तर सगळं पुन्हा पहिल्यापासून चालावं लागलं असतं. ताई म्हणाली, "राहू द्या झेंड्या. एका रात्रीत कोण येतंय इथे मरायला?"

आणि आता लाल झेंडी उभी होती, आणि तिच्याखाली मडक्याचे तुकडे होते. आतली माती बाहेर ओतलेली. आत सोनंबिनं असेल म्हणून चाळलेली. छोटी छोटी हाडं बाजूला भिरकावलेली, कारण हाडांना बाजारात गिऱ्हाईक नसतं. एक बरगडी, काडेपेटीतल्या काडीसारखी, एका बुटाच्या ठशात रुतून बसली होती. ताईने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. हात लावायची परवानगी नव्हती. चोरांनी सगळं लुटून नेलं तरी तिच्यावरचा नियम तसाच होता.

दुपारपर्यंत वरिष्ठ साहेब गाडी घेऊन आले. त्यांनी फाटक बघितलं, कुलूप ओढून बघितलं.

"कुलूप शाबूत आहे. किल्ली कुणाकडे असते?"

"मामांकडे," ताई म्हणाली. मामा म्हणजे या जमिनीचे रखवालदार, निवृत्तीला टेकलेले, सगळ्या तुकडीचे मामा.

"झेंड्या रात्रभर राहणार हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"आम्हाला." ती क्षणभर थांबली. "आणि मामांना."

शब्द खरे होते. पण त्या थांबण्यात जे विष होतं, ते तिने घातलेलं होतं, आणि ते सगळ्यांना कळलं. मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई, मी? मी असं करीन?"

ताईने मान वळवली. तिला कुणीतरी हवंच होतं. झेंड्या कुणी ठेवल्या हा प्रश्न विचारण्यापेक्षा किल्ली कुणाकडे होती हा प्रश्न सोपा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशीच, डोकं बधिर झालेल्या माणसांकडून दिली जाते.

"शिट्टी आणि किल्ल्या जमा करा," साहेब म्हणाले. "पुढचं चौकशीत बघू."

मामा पट्ट्यातून किल्ल्यांचा जुडगा सोडवायला लागले. तो काही लवकर सुटेना. नेमका तेव्हा ताईचा फोन वाजला. बाबा.

बाबा आणि तिची नोकरी यांचं कधी पटलं नाही. "एवढं शिकून दगड वेचतेस," हे त्यांचं पालुपद. गेल्या वर्षी ती त्यांना हौसेने इथे घेऊन आली होती. फाटकाचं कुलूप गंजून अडलं होतं, म्हणून मामांनी जुन्या खाणीच्या बाजूने, कुंपण पडलंय तिथून गाडी आत आणली. बाबांनी काच खाली केली, उताराकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथे तर काहीच नाही." गाडीतून उतरलेही नाहीत. म्हणूनच काल संध्याकाळी, सोनेरी उन्हात झेंड्यांनी बहरलेला उतार बघून तिला राहवलं नाही. तिने फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, "बाबा, एक झेंडी म्हणजे एक वस्तू. लाल झेंडी सगळ्यात मौल्यवान."

तिने फोन कानाला लावला. बाबांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते असे बोलत की फोन मध्ये नसता तरी चाललं असतं.

"अगं, कमाल झाली! तुझा फोटो मी आमच्या फिरायच्या ग्रुपवर टाकला, तो पुढे गेला, त्याच्याही पुढे गेला. कालपासून फोनला उसंत नाही. लोक म्हणतात, अशी मुलगी पाहिजे. मला माहीतच नव्हतं गं तू एवढं मोठं काम करतेस!"

"बाबा…"

"एक गृहस्थ तर फारच चौकस. रात्री फोन करून विचारत होते, बघायला कुठून जायचं. मी म्हटलं, फाटकाला कुलूप असतं, तुम्ही जुन्या खाणीकडून जा, तिथे कुंपण पडलंय. मी स्वतः गेलोय म्हटलं!" बाबा दिलखुलास हसले. मग जरा थबकून म्हणाले, "का गं, गप्प का? चुकलं का काही माझं?"

समोर मामांचे हात किल्ल्यांवर थांबले होते.

"नाही बाबा. काही नाही चुकलं."

"मग झालं तर. रविवारी येतोच मी. आणि या वेळी गाडीतून उतरणार बरं का. तू दाखव, मी बघतो."

तिने फोन ठेवला. साहेब एव्हाना लांब, गाडीशी जाऊन उभे होते; बाबांचा आवाज तिथवर पोचला नव्हता. ती त्यांच्याकडे चालत गेली.

"साहेब, मामांचा यात काही संबंध नाही. झेंड्या मी ठेवल्या. त्यांचा फोटो मी बाहेर पाठवला. लालचा अर्थसुद्धा मीच लिहून पाठवला."

साहेब बघतच राहिले. "आणि कुलूप न तोडता आत यायची वाट? ती कुणी सांगितली?"

मामांनी बाबांचं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं; आता तेही चार पावलांवर येऊन उभे होते.

"तीही मीच सांगितली. जुन्या खाणीकडून, कुंपण पडलंय तिथून."

"अहो, तुम्हाला कळतंय का काय बोलताय ते? परवानगी जाईल तुमची. पुन्हा या जमिनीवर पाऊल ठेवता येणार नाही."

"कळतंय."

साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी किल्ल्या पुन्हा पट्ट्याला अडकवल्या आणि ताईकडे न बघता फाटकाकडे निघाले. तिने हाक मारली, "मामा." ते थांबले, पण वळले नाहीत. "मला माफ करा," ती म्हणाली. त्यांनी नुसता हात हलवला. माफ केलं की राहू द्या, ते तिला कळलं नाही.

फोन पुन्हा थरथरला. बाबांनी तिचाच फोटो तिला पाठवला होता, दहा ठिकाणी फिरून आलेला, खाली बाबांचे शब्द: "ही माझी मुलगी." हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला ती लहानपणापासून कान टवकारून बसली होती.

रविवारी बाबा येणार होते. ते गाडीतून उतरणार होते, आणि फाटकाबाहेर गाडीत बसून राहायची पाळी आता तिची होती. तिने फोन खिशात टाकला आणि ती उतारावर जाऊन, सगळ्यात आधी लाल, मग बाकीच्या, अशी एकेक झेंडी उपटू लागली.